इंजिन गेलं तरी कंट्रोलरचा आवाज चढत कसा नाही?

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय: "मुंबईला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. त्या नादानं पायलट आणि एटीसी, म्हणजे विमानांना जमिनीवरून वाट सांगणारे कंट्रोलर, यांच्यातल्या बोलण्याची रेकॉर्डिंग ऐकायला लागले. पायलट सांगतो की इंजिन बंद पडलंय, आणि हा माणूस वाण्याकडे अर्धा किलो तूरडाळ मागावी अशा सुरात त्याला दिशा सांगतो. ही माणसं जन्मतःच थंड असतात का? माझ्या मुलाला या लाइनमध्ये जायचंय, पण तो भयंकर तापट आहे."

ताई, मी एकतीस वर्षं हे काम केलं. टॉवर म्हणजे धावपट्टी, अप्रोच म्हणजे उतरायला येणारी आणि नुकती उडालेली विमानं, एरिया म्हणजे लांबच्या वाटेवरची, तिन्हीकडे. आता निवृत्त होऊन ठाण्यात नौपाड्यात असतो. स्वभावाचं म्हणाल, तर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कोणी मध्ये घुसला की माझा आवाज पार गोखले रोडपर्यंत जातो. बायको म्हणते, "विमानांशी बोलायचात तसं एकदा घरात बोला." माझ्या बॅचमध्ये दोघं-तिघं खरोखर शांत स्वभावाचे होते. त्यातला एक वर्षभरात काम सोडून बँकेत गेला, कारण त्याला पटापट निर्णय घेणं जमेना. तेव्हा जन्मजात थंडपणाचा मुद्दा आधी निकालात काढू.

आमचं सुरुवातीचं शिक्षण अलाहाबादला, बमरौलीच्या कॉलेजात झालं. नियम, नकाशे, हवामान, सिम्युलेटर, सगळं तिथंच. पण आवाज घडतो तो पोस्टिंगच्या जागी. तुम्ही खुर्चीत, समोर खरी विमानं, आणि मागे तुमच्याच पॅनेलला दुसरा हेडसेट लावून इन्स्ट्रक्टर उभा. माझे इन्स्ट्रक्टर एक तमिळ गृहस्थ होते, फार कमी बोलायचे. माझ्या बोलण्याचा वेग वाढला की ते माझ्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे. दाबायचे नाहीत, नुसती टेकवायचे. सुरुवातीला एका वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, दहा-दहा वेळा टेकायची. पुढे ती बोटं टेकायची थांबली, रेटिंग म्हणजे एकट्यानं काम करायची परवानगी मिळाली, ते गृहस्थ बदली होऊन गेले. पण आजही फोनवर मी घाईत बोलायला लागलो की खांद्याला नेमकं तिथंच काहीतरी जाणवतं.

आवाजाचा एवढा आटापिटा का, तर पायलटला आमच्याकडून आवाजाशिवाय दुसरं काहीच मिळत नाही. त्याच्या कॉकपिटमध्ये घंटा वाजतायत, लाल दिवे लागलेत, शेजारचा सहवैमानिक चेकलिस्ट वाचतोय, आणि त्या सगळ्या गोंगाटात हेडसेटमधून आमचे आकडे येतायत. आम्ही चिरक्या आवाजात भराभर बोललो की आकडा निसटतो. मग तो म्हणतो "से अगेन". पुन्हा सांगायला पाच-सहा सेकंद जातात. अप्रोचला विमान मिनिटाला चारेक सागरी मैल कापतं, म्हणजे साडेसात किलोमीटर. ठाण्याहून निघालेलं विमान मिनिटाभरात भांडुप मागे टाकतं, या हिशोबानं एका "से अगेन"ची किंमत काढा. म्हणून तो सपाट, कंटाळवाणा वाटणारा सूर. भीती नसते असं नाही. छातीत धडधडतंच, तळहाताला घाम येतो. पण ते माइकमधून जाऊ द्यायचं नाही, एवढीच शिकवण.

आता रेकॉर्डिंगमध्ये जे नीट कळत नाही ते सांगतो. इमर्जन्सीत कंट्रोलरचं बहुतेक काम संकटातल्या विमानाशी नसतंच. तीन हात नाक्यावर अँब्युलन्स आली की पोलीस काय करतो? तो अँब्युलन्स चालवायला जात नाही. बाकीची वाहनं बाजूला काढतो. आमचंही तसंच आहे, फक्त आमच्या गाड्यांना ब्रेक लावून उभं राहता येत नाही.

पावसाळ्यातली एक दुपार होती. विमानतळाचं नाव राहू द्या, कंपनीचंही. अप्रोचला माझ्यासमोर अकरा स्ट्रिपा होत्या. स्ट्रिप म्हणजे प्रत्येक विमानाची माहिती असलेली कागदाची पट्टी. चार मिनिटांपूर्वी उडालेल्या एका विमानानं "पॅन-पॅन" दिलं. पक्षी धडकलाय, उजव्या इंजिनाला थरथर आहे, परत येतो. पॅन-पॅन म्हणजे प्रकरण तातडीचं आहे, पण जीव जायची वेळ अजून आलेली नाही. त्याच्या पुढची पायरी मेडे. दोन्ही शब्द तीन-तीनदा उच्चारायचे, म्हणजे खरखरीतही कानावर पडतात.

मी त्याला एक वळण दिलं, एक उंची दिली, आणि धावपट्टी तुझीच आहे म्हणून सांगितलं. त्याच्यासाठी माझं तेवढ्यापुरतं काम संपलं. शेजारच्या कोऑर्डिनेटरनं मी वळण देईपर्यंत टॉवरची हॉटलाइन उचलली होती. तिकडे क्रॅश बेल वाजली, अग्निशमनाचे बंब आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. आमच्या भाषेत याचेही दर्जे आहेत. नुसता बिघाडाचा संशय असेल तर "लोकल स्टँडबाय", अपघाताची खरी भीती असेल तर "फुल इमर्जन्सी". मला कोणाला काही सांगावं लागलं नाही. मान वळवूनही बघावं लागलं नाही.

मग उरले दहा. दोन विमानं धावपट्टीच्या सरळ रेषेत आली होती. पहिलं अगदी जवळ होतं, त्याला उतरू दिलं. दुसरं सहा मैलांवर होतं. मोह झाला होता की यालाही उतरवून मोकळं व्हावं. पण त्याचा टायर फुटला, किंवा ते धावपट्टीवर रेंगाळलं, तर मागून येणाऱ्या जखमी विमानाला जागाच नाही. म्हणून त्या दुसऱ्याला न उतरवता वर काढलं. उड्डाणं थांबवली. बाकीच्यांना हजार-हजार फुटांच्या अंतरानं एकावर एक घिरट्या घालायला लावलं. त्यातल्या एकाचं इंधन बेताचं होतं, त्यानं दुसऱ्या विमानतळाकडे जायचं ठरवलं, तर त्याची वाट मोकळी करून द्यायची. एक कॅप्टन वैतागून विचारत राहिला, "किती उशीर?" त्यालाही त्याच सुरात उत्तर. पावसाचे ढग वेगळेच, कारण ज्याला मी डावीकडे वळ म्हणतोय त्याच्यासमोर नेमका काळाकुट्ट ढग असतो आणि तो वळायला नकार देतो.

ते विमान उतरलं. पण उतरलं म्हणजे संपलं नाही. इंजिनाचा एखादा तुकडा धावपट्टीवर पडला असेल म्हणून जीप पाठवून पाहणी करायची, आणि तोवर आभाळात घिरट्या चालूच. नंतर टेप ऐकली, तेव्हा माझ्या एकूण बोलण्यात त्या विमानाच्या वाट्याला पाचवा हिस्सासुद्धा आला नव्हता.

पक्ष्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मे २०२४मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाला रोहित पक्ष्यांचा थवा धडकला, तीसहून अधिक पक्षी मेले, विमान सुखरूप उतरलं. तुमची खाडी पक्ष्यांची, माझीही. आणि आता २०२५च्या नाताळापासून उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबईच्या, विमानतळावरूनही विमानं उडायला लागली. सांताक्रूझ आणि उलवे यांच्यात सरळ रेषेत अंतर पंचवीसेक किलोमीटर. एका विमानतळावर काही घडलं की दुसऱ्याच्या कंट्रोलरनाही हात चालवावे लागणार. आमच्या वेळी एकच मुंबई होती, तरी तारांबळ उडायची.

यात सगळ्यात कठीण काय, तर गप्प बसणं. माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. रेटिंग मिळून वर्षच झालं होतं. एका विमानानं इंजिनाला आग लागल्याचा इशारा मिळाला म्हणून मेडे दिलं. आम्हाला काही गोष्टी विचारायच्याच असतात: विमानात एकूण माणसं किती, इंधन किती वेळाचं, धोकादायक माल आहे का. माणसांच्या आकड्याला रेडिओवर "सोल्स ऑन बोर्ड" म्हणतात. प्रवासी, पायलट, हवाई सुंदरी, मांडीवरची बाळं, सगळे जीव धरून. आग विझवणाऱ्यांना आत किती जणांना शोधायचं ते कळावं म्हणून. मी विचारलं. तो म्हणाला, "स्टँडबाय." अर्ध्या मिनिटानं मी पुन्हा विचारलं. पुन्हा "स्टँडबाय", या वेळी जरा तुटक. फॉर्मवरची रिकामी चौकट मला खुपत होती. तिसऱ्यांदा विचारलं, तर उत्तरच आलं नाही.

विमान उतरलं, सगळे ठीक. संध्याकाळी तो कॅप्टन वर आला. आम्ही घाबरलो, आता हा बोलणार. त्यानं चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारत. मग मला म्हणाला, "तुम्ही विचारत होतात ना, तेव्हा दरवेळी मी चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून सुरू करत होतो. तीनदा." एवढं बोलून आभार मानून गेला. रागावला असता तर मी विसरलोही असतो.

पायलट लोकांना शिकवलेलं असतं: आधी विमान उडव, मग दिशा सांभाळ, मग बोल. बोलणं तिसऱ्या क्रमांकावर. त्यामुळे तो "स्टँडबाय" म्हणाला की तो उद्धट नसतो, कामात असतो. युरोपात कंट्रोलरना संकटासाठी एक घोकंपट्टी शिकवतात: ऐकल्याचं कळव, बाकीची विमानं लांब ठेव, फ्रिक्वेन्सीवर शांतता राख, वरिष्ठांना आणि बचाववाल्यांना सांग, लागेल ती मदत दे, आणि पायलटला वेळ दे. सहातली शेवटची गोष्ट वेळ देणं. मला ती पहिल्या वर्षी कोणी नीट सांगितली असती तर त्या कॅप्टनचा चहा मला तितका कडू लागला नसता.

मात्र गप्प बसणं आणि समजून न घेणं यांत फरक आहे. २५ जानेवारी १९९०ची न्यूयॉर्कची गोष्ट आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. कोलंबियाहून आलेलं एव्हियांकाचं बोइंग ७०७ खराब हवेमुळे तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं. सहवैमानिकानं "प्रायॉरिटी" मागितली, "इंधन संपत आलंय" असंही म्हणाला, पण मेडे किंवा इमर्जन्सी हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. उतरायचा पहिला प्रयत्न फसला. कंट्रोलरनं विचारलं, पुन्हा फिरवून आणतो, इंधनाच्या दृष्टीनं चालेल ना? उत्तर आलं, चालेल बहुधा, थँक्यू. थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं. ७३ जण गेले.

ही भिडस्त बोलण्याची सवय आपल्याला परकी नाही. आपल्याकडे छातीत दुखत असलं तरी माणूस डॉक्टरला म्हणतो, "जरा बरं वाटत नाहीये." पायलटही माणूसच. इमर्जन्सी जाहीर केली की चौकशी होणार, कागद होणार, म्हणून तो आडून आडून बोलतो. तेव्हा कंट्रोलरनं सरळ विचारायचं असतं: तू इमर्जन्सी जाहीर करतोयस का, हो की नाही? त्या एका प्रश्नातली शांतता मला फार महत्त्वाची वाटते. तिथं सौजन्य कामाचं नाही.

तुम्ही ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवालं नक्की असणार. १५ जानेवारी २००९, कॅप्टन सुलेनबर्गर, एअरबस ए-३२०, लाग्वार्डिया विमानतळावरून उडाल्यावर पक्ष्यांचा थवा धडकून दोन्ही इंजिनं गेली. धडक ते पाणी, अवघी साडेतीन मिनिटं. समोर कंट्रोलर होता पॅट्रिक हार्टन. लोक त्याच्या थंडपणाचं कौतुक करतात. मी ते रेकॉर्डिंग कंट्रोलरच्या कानानं ऐकतो. कॅप्टननं "दोन्ही इंजिनं गेली, लाग्वार्डियाला परत येतो" म्हटल्याबरोबर हार्टन त्याला वळण देतो आणि लगेच लाग्वार्डियाच्या टॉवरला सांगतो, उड्डाणं थांबवा. म्हणजे आधी रस्ता मोकळा. मग एक-एक पर्याय पुढे ठेवतो. ही धावपट्टी चालेल? नाही. ही? नाही. न्यू जर्सीतलं टीटरबोरो? तिथल्या टॉवरशी बोलून काही सेकंदांत धावपट्टी मिळवून देतो. तेही नाही. "आम्ही हडसनमध्ये उतरतोय." आणि हार्टन म्हणतो, "सॉरी, से अगेन?"

त्या "से अगेन"मध्ये मला त्याचा जीव दिसतो. शब्द कानावर पडलेत, मन घ्यायला तयार नाही. शिवाय त्या गडबडीत विमानाचा नंबर दोघांनीही चुकवला. विमान १५४९, कॅप्टन म्हणाला १५३९, हार्टन म्हणाला १५२९. इतर दिवशी याबद्दल बोलणी खावी लागतात. त्या दिवशी कोणाचं काही अडलं नाही, कारण बोलणं कोणाशी चाललंय ते स्पष्ट होतं. विमान रडारवरून दिसेनासं झाल्यावरही तो त्याला जवळच्या नेवार्क विमानतळाची दिशा सांगत राहिला.

सगळे १५५ जण वाचले, पण हार्टनला ते लगेच कळलं नाही. त्याला खुर्चीवरून उठवलं, आणि आपण मरणाऱ्या माणसांशी शेवटचं बोललो असं समजून तो बसून राहिला. पुढे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यानं हे सगळं सांगितलं. अपघात झालाय, मी ठीक नाही, आत्ता बोलू शकत नाही, अशा अर्थाचा मेसेज त्यानं बायकोला पाठवला होता. तुम्ही ऐकला तो शांत आवाज आणि हा मेसेज एकाच माणसाचे, एकाच दुपारचे.

आणखी एक. तो शांतपणा एकट्या माणसाच्या जिवावर उभा करता येत नाही. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एक प्रवासी आणि एक मालवाहू विमान धडकलं, ७१ जण गेले, त्यात शाळकरी मुलं पुष्कळ. त्या वेळी झुरिकच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेला होता, मुख्य टेलिफोन लाइनचं काम चालू होतं, टक्कर ओळखून सावध करणारी यंत्रणा नेहमीसारखी चालत नव्हती. माणूस कितीही शांत असो, तिथं तो काय करणार होता? फेब्रुवारी २००४मध्ये, अपघातात कुटुंब गमावलेल्या एका बापानं त्या कंट्रोलरला ठार मारलं. मला त्या बापाचंही दुःख कळतं, पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा विचार आला की अजून पोटात कालवतं.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीला सौदियाचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन धडकलं. ३४९ जण गेले. कंट्रोलरनं दोघांना हजार फुटांचं अंतर दिलेलं होतं, एकाला चौदा हजार, दुसऱ्याला पंधरा. कझाक विमान खाली सरकलं, आणि दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर उंची दिसतच नव्हती. आम्ही दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलो, तेव्हा चहाच्या खोलीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पण मग हेडसेट लावले आणि नेहमीसारखं बोललो. त्या अपघातानंतर टक्कर टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं, रडार सुधारली. आमच्या आवाजात जी शांती ऐकू येते, तिच्यातला बराच वाटा अशा बदलांचा आहे.

भीती जाते कुठं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. ती थांबून राहते. त्या पक्षी धडकलेल्या दुपारी वॉच संपेपर्यंत माझा हात स्थिर होता. घरी निघालो, घाटकोपरला गाडी बदलली, ठाण्याला उतरलो. स्कूटर कुठं लावलीय तेच आठवेना. रोज लावायची जागा. वीस मिनिटं स्टँडवर फिरलो. सापडली तेव्हा किल्ली भोकात जाईना, इतका हात थरथरत होता. शेजारच्या पानवाल्यानं विचारलं, "काका, शुगर कमी झाली का?" त्याला म्हटलं, हो.

हल्ली अशा प्रसंगानंतर माणसाला लगेच खुर्चीवरून उतरवतात, अनुभवी सहकारी त्याच्याशी बोलत बसतात, ही रीत जगभर रुजत चाललीय. आमच्या काळी चहा आणि "चल, घरी जा" एवढंच होतं.

आता मुलाबद्दल. तापट असला तर असू दे. राग क्षणात येऊन क्षणात जात असेल तर उलट बरं, पुढच्या विमानाशी बोलताना मागच्याचा हिशोब डोक्यात नको. तुम्ही वेगळंच बघा. एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही तर तो बेधडक "पुन्हा सांग" म्हणतो का, की अंदाजानं मान डोलावतो? त्याला एक फोन नंबर सांगा आणि तसाच परत म्हणून दाखवायला सांगा. मुद्दाम एक आकडा चुकवून तुम्हीच परत म्हणा, आणि तो टोकतो का बघा. आईला टोकायला जो मुलगा कचरतो, तो तीस वर्षं उड्डाण केलेल्या कॅप्टनला "नाही, चूक ऐकलंस" असं कसं सांगणार?

बाकी व्यवहाराचं. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या कंट्रोलरच्या भरतीला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बीएस्सी, किंवा इंजिनिअरिंग आणि त्यात हे दोन विषय कुठल्या तरी सेमिस्टरला असावे लागतात. खुल्या गटाला वयाची मर्यादा सत्तावीस. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी असते, मग मेडिकल. तोतरेपणा, ऐकण्यातला दोष, रंग ओळखण्यातला दोष आधीच तपासून घ्या, नाहीतर शेवटच्या पायरीवर येऊन मुलं परत जातात. इंग्रजी बोलायची सवय हवी, पण ती वादविवादवाली नाही. छोटी वाक्यं, स्पष्ट आकडे. मार्कशीट सेमिस्टरवार सांभाळून ठेवा, फिजिक्सचा पेपर कुठल्या सेमिस्टरला होता ते तिथं विचारतात.